मध्यम गळती

यंदापासून झडपेचे टाके माझा विद्यार्थी घालतो. ग्राफ्ट तेवढे मी राखलेत. हात थरथरत नाही, पण भिंगाचे लूप्स लावून तासन्‌तास मान धरवत नाही.

हात मोकळे झाले तसा जुनाच प्रश्न जास्त छळू लागला. हृदयाच्या तीन नळ्या बंद, मायट्रल झडपेची गळती ‘मॉडरेट’. झडपेला हात लावायचा की नुसती बायपास करून छाती मिटायची? परभणीहून आलेल्या एकोत गळती चांगली दिसते. टेबलावर भूल चढून प्रेशर उतरलं की मेणबत्तीच्या ज्योतीएवढी उरते. मग भूलतज्ज्ञाला म्हणतो, फिनाइलेफ्रिन द्या, वरचं प्रेशर दीडशेला न्या. पडद्यावरचा झोत सरकत सरकत डाव्या कर्णिकेच्या मागच्या भिंतीला जाऊन भिडतो. आता बोला!

विद्यार्थ्याला याच प्रश्नावरच्या, उत्तर अमेरिकेतल्या 301 रुग्णांच्या चाचणीचा 2016 चा निकाल पाठ आहे. दोन वर्षांनी मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखे. नुसत्या बायपासवाल्यांपैकी 32 टक्क्यांत गळती उरली, झडप दुरुस्त केलेल्यांत 11. पण मेंदूचे त्रास दुरुस्तीवाल्यांतच जास्त. “मग झडपेला रिंग कशाला, सर?” मी म्हणतो, जिंतूरचा शेतकरी दोन वर्षांसाठी छाती उघडून घेत नाही. यात शास्त्र किती आणि हौस किती, देव जाणे. रिंगपायी महाधमनीवरचा क्लॅम्प जास्त वेळ राहतो; त्याची मिनिटं परफ्युजनिस्टनं शेजारच्या ओटीत ऐकू जातील अशी सांगावीत, असं मला अजून वाटतं.

फलकांवर हजारो बायपास मिरवणारे काहीजण बायपास आणि झडप अशी जोड केस गुपचूप पुढं ढकलतात. धोका दुपटीच्या घरात जातो, आकडा बिघडतो ना!

झडप बदलावीच लागली तर वेगळाच घोळ. धातूची टिकते, पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेऊन आयएनआर अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा, त्यासाठी वाडीवरून परभणी गाठायची. मजुरी बुडते म्हणून तपासणी टळते. सोनपेठकडच्या एका बाईंना सांगितलं, आयएनआर हलू नये म्हणून पालेभाजी रोज सारखीच खा. म्हणाल्या, “पाऊस झाला तर भाजी डॉक्टर, न्हाई तर ठेचा.”

त्यांना ऊतीची झडप बसवली. ती झिजून बदलायची वेळ येईल तेव्हा टेबलाशी मी नसेन. छातीचं हाड पुन्हा कापताना मी जोडलेली मॅमरी धमनीच विद्यार्थ्याच्या करवतीखाली यायची. म्हणून हल्ली ती मधल्या रेषेपासून दूर, डावीकडे पेरिकार्डियमच्या खाचेतून आत नेतो. त्यात चार मिनिटं जादा जातात. ती मात्र मोठ्यानं सांगायला लावत नाही.