खोत्सो : डोंगरातला सलाम

मे महिन्याच्या सुटीत आम्ही डर्बनला मामेभावाकडे गेलो होतो. एक दिवस तो म्हणाला, "चला, तुम्हाला डोंगरातला देश दाखवतो." फजरची नमाज पढून निघालो. वाटेत लेडीस्मिथला नदीकाठी सूफी साहेबांची मशीद लागली. १८९५ साली डर्बनला आलेले हे बुजुर्ग आपल्या कल्याणचे. पुढे घाट चढून सरहद्द ओलांडली आणि दुपारी लेसोथोमधल्या बुथा-बुथे गावी पोहोचलो. इथेही मशीद आहे. जोहर तिथेच अदा केली.

लेसोथोच्या चारी बाजूंना दक्षिण आफ्रिका आहे. सगळाच्या सगळा एक हजार मीटरच्या वर असलेला जगात हा एकच देश. त्याची सर्वांत सखल जागासुद्धा आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच! चलनाचं नावही 'मालोती', म्हणजे डोंगर.

गावाबाहेर पडलो तशी एक गोष्ट लक्षात आली. घरं सगळी उतारावर, खडकाळ जागेत, आणि खाली जमिनीच्या अरुंद पट्ट्यात मका नि ज्वारी. मामेभावाने कारण सांगितलं. पूर्वी कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीनही या बासोथो लोकांचीच होती. १८५८ आणि १८६५ च्या लढायांनंतर ती गोऱ्या बोअर लोकांनी घेतली. उरलं त्यात एक वावही वाया घालवणं परवडणारं नव्हतं. म्हणून शेताला माती दिली आणि घराला खडक घेतला.

हे लोक टिकले ते राजा मोशोएशो यांच्यामुळे. १८२४ साली ते आपली माणसं घेऊन बुथा-बुथेहून थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या डोंगरावर गेले. त्या काळी सगळीकडे लढाया आणि दुष्काळ. जो आसरा मागत आला, त्याला त्यांनी जागा दिली. असं सांगतात की, वाटेत त्यांच्या आजोबांना नरभक्षकांनी पकडून खाल्लं. ते लोक हाती लागले तेव्हा राजाने त्यांना मारलं नाही. हेच आता माझ्या आजोबांची कबर आहेत, कबरीला हात लावायचा नसतो, असं म्हणून उलट त्यांना वसवलं.

एका वस्तीपाशी थांबलो. दगडी गोल घरं, गवताचं छप्पर, शेजारी गुरांचा दगडी वाडा. जाड घोंगडी पांघरलेली एक बाई माती आणि शेण कालवून भिंत सारवत होती. ओल्या सारवणावर बोटांनी नक्षी काढत होती. मामेभाऊ म्हणाला, "खोत्सो, म्मे." म्मे म्हणजे आई, आणि खोत्सो म्हणजे शांती. आम्ही चमकून एकमेकांकडे पाहिलं. हा तर सलामच झाला!

बोलणं मामेभावामार्फत चाललं. तिचा नवरा अनेक वर्षं जोहान्सबर्गकडच्या सोन्याच्या खाणीत होता. एकेकाळी या छोट्या देशातले लाखाहून अधिक पुरुष तिकडे खाणींत राबत. आम्ही पडलो शिक्षक, मुलांची चौकशी केली. मुलगी शाळेत होती. मुलगा? तिने वरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "मेंढ्या कोण बघणार?"

त्यावर आम्हाला काही बोलता येईना. आमचं कोकणातलं गावही असंच. पुरुष मुंबईला, नंतर कुवेतला. वालिदसाहेबांच्या मनिऑर्डरची वाट बघत अम्मी असंच अंगण सारवायची. फरक इतकाच की, आमच्याकडे गुरं राखायची पाळी आली तेव्हा ती अम्मीने स्वतःवर घेतली आणि आम्हाला शाळेत पाठवलं. पण या डोंगरावर मेंढ्या कित्येक महिने दूर माळावर राहतात. आईने तिकडे जायचं तर घर कोणी बघायचं? तिला दोष कुठल्या तोंडाने द्यावा?

याच डोंगरांत १८५ मीटर उंचीचं कात्से धरण आहे. १९९८ पासून लेसोथोचं पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या बाजूला जातं. त्याचा मोबदला देशाला मिळतो हे खरं. पण आम्ही परत फिरलो तेव्हा वस्तीतल्या दोन मुली डोक्यावर बादल्या घेऊन झऱ्यावरून चढ चढत होत्या. आधी जमीन गेली, मग पुरुष गेले, आता पाणी जातंय. घरं मात्र या बायकांनी जागची हलू दिली नाहीत.

संध्याकाळी सरहद्दीकडे येताना घोड्यावर एक पोरगा दिसला. अंगावर घोंगडी, हातात काठी, पुढे मेंढरं. वय असेल आमच्या सातवीच्या मुलांएवढं. आम्ही काच खाली करून म्हटलं, "खोत्सो!"

त्याने काठी उंचावली आणि हसून तेच उत्तर दिलं.

जूनमध्ये शाळा उघडली. हजेरी घेताना एक मुलगा सलग तीन दिवस गैरहजर दिसला. वहीत नुसती फुली मारून पुढे जाणं जमेना. शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो.