यामातोची तिसरी सफर

‘उचू सेनकान यामातो’ या जपानी अंतराळमालिकेचं तिसरं पर्व पडेल आहे, असं मत तिच्या चाहत्यांत अनेकदा ऐकू येतं. पहिलं पर्व अभिजात, दुसरं ठीक, तिसरं मात्र विसरून जावं. मला हे मत अन्यायाचं वाटतं.

जपानी कार्टूनं माझ्या आयुष्यात आली ती नाव न सांगता. 1993 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं, तेव्हा निगडी प्राधिकरणातल्या आमच्या गल्लीत क्रिकेट थांबायचं. तो मोगली जपानमध्ये काढला गेलाय, हे आम्हा पोरांच्या गावीही नव्हतं. त्या मालिकेचे मूळ 52 भाग, म्हणजे वर्षाच्या आठवड्यांइतके. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे मी जपानी शिकले आणि चाकणच्या कारखान्यांत इंटरप्रिटर म्हणून लागले. जपानहून आलेले साहेब आणि लाइनवरची मुलं यांच्यामध्ये उभं राहून बोलायचं, हे माझं काम. ‘यामातो’ मला त्या साहेबांपैकीच एकांनी दिली. तळेगाव चौकातल्या कोंडीत गाडी अडकली की ते तिचं शीर्षकगीत गुणगुणत. त्यांच्या लहानपणी, ऑक्टोबर 1974 मध्ये, मालिका सुरू झाली तेव्हा त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर ‘हायडी’ ही कार्टून मालिका असायची. घरातल्या टीव्हीवर हायडीच जिंकायची. प्रेक्षक कमी, म्हणून ठरलेल्या 39 भागांचे 26 झाले.

गोष्ट 2199 सालची. गामिलास या शत्रुग्रहाच्या बॉम्बनी पृथ्वी किरणोत्सर्गाने जळते आहे आणि माणसाकडे एक वर्ष उरलंय. 1945 च्या एप्रिलमध्ये तीन हजारांहून अधिक माणसं घेऊन बुडालेली ‘यामातो’ ही युद्धनौका अंतराळयान होऊन उठते. ती 1 लाख 48 हजार प्रकाशवर्षं दूरच्या इस्कांदार ग्रहावर जाते आणि पृथ्वी शुद्ध करणारं यंत्र घेऊन परतते. प्रत्येक भागाच्या शेवटी उरलेले दिवस सांगितले जातात. हिरोशिमा-नागासाकी सोसलेल्या देशाने ही गोष्ट रचली, हे बघताना क्षणभरही विसरता येत नाही.

तिसरं पर्व 1980 च्या ऑक्टोबरात आलं. गालमान-गामिलास आणि बोलार ही दोन साम्राज्यं आपसांत लढताहेत. त्यांच्या लढाईतलं एक भरकटलेलं क्षेपणास्त्र आपल्या सूर्यात घुसतं आणि सूर्य भडकत जातो. वर्षभरात पृथ्वी राहण्याजोगी उरणार नाही, म्हणून यामातो माणसांसाठी नवा ग्रह शोधायला निघते. हे पर्व मी मुलीसोबत पुन्हा पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, “आई, भांडण त्यांचं ना? मग सूर्य आपला का?” त्या पर्वाचं मर्म हेच. पहिल्या पर्वात समोर शत्रू तरी होता. इथे पृथ्वीशी कुणाचं वैरच नाही, ती फक्त मध्ये आली. शीतयुद्ध ऐन भरात असताना मुलांच्या मालिकेत हे मांडायला धैर्य लागतं.

आणि मग डोमोन. त्या क्षेपणास्त्राच्या वाटेत आलेल्या प्रवासी यानात त्याचे आईवडील गेले. पोरगा पेटून यामातोवर येतो, त्याला तोफेवर बसायचंय. कप्तान कोदाई त्याला कुठे पाठवतो? स्वयंपाकघरात. कोदाईचे स्वतःचे आईबाप गामिलासच्या बॉम्बमध्ये गेलेत, त्यामुळे सुडाने हात कसे थरथरतात हे त्याला ठाऊक आहे, असं मी समजते. युद्धाच्या गोष्टीत भात शिजवणाऱ्याला नायक करणं मला फार मोठं वाटतं. चाकणच्या कारखान्यांत मी रोज पाहते, पहिल्या पाळीचे पोहे वेळेवर आले नाहीत तर लाइनचं काय होतं. कॅन्टीनमधल्या बाईचं नाव मात्र कुठल्याही फलकावर नसतं. दोन भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या मला डोमोन तोफेवरच्या वीरांहून जवळचा वाटतो.

मग पर्व फसलं कुठे? हेही 52 भागांचं ठरलं होतं. वर्षभराची गोष्ट, वर्षभर आठवड्याला एक भाग. प्रेक्षक घटले आणि 25 भागांत आटोपावं लागलं. छाटलं तर पहिलंही होतं, पण त्याची वाट एकच होती, जाणं आणि येणं, म्हणून ते छाटूनही उभं राहिलं. तिसरी सफर शोधाची आहे. एक ग्रह बघायचा, तो नाही म्हणून पुढच्याकडे जायचं, आणि या थांबण्यातच तिचा जीव आहे. हे थांबणंच कापलं गेलं. शेवटच्या भागांत सगळं धावतं, आणि डोमोनचा मृत्यू पुरता सोसायच्या आत संपतो. याचं मला आजही वाईट वाटतं. पण हा दोष कल्पनेचा नाही, वेळेचा आहे. परीक्षण करताना या दोन गोष्टी वेगळ्या धरायलाच हव्यात.

डोमोन 2021 च्या ‘यामातो 2205’ मध्ये परत आला. ज्यांनी ती नवी आवृत्ती पाहिली असेल, त्यांनी 1980 चा मूळ डोमोनही एकदा पाहावा. मात्र थेट तिसऱ्या पर्वाला हात घालू नका. आधी 1974 चे 26 भाग बघा, मग तिसऱ्याकडे या, आणि स्वयंपाकघरातले प्रसंग पळवत पाहू नका.