लांबणारा स्वर, न लांबणारे व्यंजन

केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची. १९७७ साली ती व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, हे सर्वश्रुत आहे. तिच्यातील ताना नीट उमगाव्यात म्हणून मी ती संगणकावर दुप्पट लांबवून ऐकू लागलो.

ध्वनिफीत निम्म्या गतीने फिरवली की आवाजही एक सप्तक खाली उतरतो. १९६६ साली फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी मांडलेल्या ‘फेज व्होकोडर’ने ही सांगड तोडली. ध्वनीचे एकमेकांवर चढलेले लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येकातील कंपनांचे घटक वेगळे काढायचे आणि अधिक अंतराने पुन्हा जुळवायचे. आकार यात सुरेख टिकतो. तबल्याचा आघात मात्र पसरून पुसट होतो. ज्याला लांबीच नाही, ते लांबवणार कसे? जुन्या तबकडीची खरखर तर धातूच्या किलबिलीसारखी ऐकू येते. तुकडा लांब घेतला तर स्वराला मानवतो, आखूड घेतला तर आघाताला. म्हणून काही प्रोग्राम आघात हेरून ते जसेच्या तसे ठेवतात आणि मधला नाद तेवढा ताणतात.

मला यात आपले छंदःशास्त्र दिसते. मात्रा मोजायची ती स्वराची. जोडाक्षरसुद्धा गुरुत्व देते ते मागच्या अक्षराला, स्वतःला नव्हे!

मग दुपटीऐवजी सव्वापटच ताणून पाहिले. ‘जात’मधला त शाबूत राहिला, तान मात्र पुन्हा हातून निसटू लागली.