दातांचा रंग

कुंदकळ्यांची उपमा आपल्या काव्यपरंपरेने इतकी झिजवली आहे, की सुंदर दात म्हणजे शुभ्र दात, याविषयी कुणाला शंकाच येत नाही. पण एकेकाळी आपल्याकडील सवाष्णी दातवण लावून दात काळे करीत. जपानात याच रूढीला ओहागुरो म्हणत; 1873 मध्ये तेथील सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली आणि ती रूढी ओसरू लागली.

आमचे दात पिवळसर. दंतवैद्याने 16 छटांची पट्टी लावून पाहिली. आमची छटा ‘ए 3’ निघाली. (हसण्यालाही वर्गवारी असते!) हा पिवळेपणा केवळ चहाचा नव्हे. वयाबरोबर वरचे एनॅमल पातळ होते आणि आतले, मुळातच पिवळट असलेले दंतिन दिसू लागते. पेरॉक्साइड एनॅमलमधून आत झिरपून रंगद्रव्यांचे विघटन करते. दात काही काळ शिवशिवतात, आणि उजळलेला रंगही कायमचा टिकत नाही.

शिवाय आमच्या पुढच्या एका दातावर कॅप आहे आणि कॅप पेरॉक्साइडने उजळत नाही. म्हणजे शेजारचे दात तरुण होणार, ती मात्र आमच्याच वयाची राहणार. तीही बदलून घ्या, असे दंतवैद्य सुचवतात. आम्ही मुदत मागून घेतली आहे. तूर्त छायाचित्रात ओठ मिटून हसतो.