समृद्धीवर निघण्याआधी

प्रिय ईशान,

दिवाळीला तू स्वतः गाडी चालवत मुंबईहून नागपूरला येतोयस, असं ताई म्हणाली. समृद्धी महामार्ग म्हणजे आमण्यापासून शिवमडक्यापर्यंत ७०१ किलोमीटरचा मोकळा रस्ता आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. म्हणून नववीतलं एक गणित तुझ्यापुढे पुन्हा मांडते.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. त्याला दिशा असते. दोन वाहनं एकाच दिशेनं जात असतील तर संवेगांची बेरीज करायची, समोरासमोर येत असतील तर वजाबाकी. टकरीच्या क्षणी दोघांमधली वाटणी बदलते, एकूण संवेग तेवढाच राहतो.

तुझी गाडी माणसांसकट दीड टन धर, वेग १२०. संवेग झाला १८०. पुढे ३० टनांचा भरलेला ट्रक ६० नं चाललाय, त्याचा १,८००. एकूण १,९८०. तू मागून आदळलास आणि दोन्ही वाहनं एकमेकांत अडकली, तर ३१.५ टनांनी भाग दे. वेग येतो सुमारे ६३. ट्रकचा वेग जेमतेम ३ नं वाढला, तुझा मात्र क्षणात ५७ नं उतरला. तू गमावलेला संवेगच ट्रकला मिळाला, पण धक्का सोसायचा तो हलक्यानं.

१५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ याच रस्त्यावर एक मिनीबस मागून ट्रकवर आदळली. १२ माणसं गेली.

सीटबेल्ट आणि एअरबॅगमुळे या हिशेबातला एकही आकडा बदलत नाही. शरीर थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो, म्हणून त्यावरचं बळ कमी होतं. तेवढ्यानंही जीव वाचतो. मागे बसलेल्यांनाही पट्टा लावायला लाव.

पुढच्या ट्रकमध्ये किती माल आहे, त्याचे मागचे दिवे लागतात की नाही, हे तुझ्या हातात नाही. तुझा वेग आहे. तो १०० वर ठेवलास, तर त्याच टकरीत ५७ ऐवजी ३८ नं उतरेल आणि पत्रा चेपण्यात जाणारी ऊर्जा निम्म्याहून कमी होईल. त्यासाठी सगळ्या प्रवासात फार तर सव्वा तास जास्त लागेल. तो खुशाल लागू दे.

तुझी,
मावशी