एमएच ४४, मुक्काम अंबाजोगाई, जिल्हा बीड

परवा रात्री तो मेसेज पुन्हा फिरला. नव्या जिल्ह्यांची यादी, त्यात अंबाजोगाई, आणि वर लाल अक्षरात 'ब्रेकिंग'. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, एक मे जवळ आला की ही यादी कुठून तरी उगवतेच. मग माझा फोन सुरू होतो. "भाऊ, खरंय का?" मी सांगतो, अजून तरी काही नाही. समोरचा जरा वेळ गप्प बसतो आणि हळूच विचारतो, "पण होईल ना?"

या 'होईल ना' वरच आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी जरा हिशेब बघू. १ मे १९८१ ला जालना आणि सिंधुदुर्ग झाले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर आणि गडचिरोली. १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ ला नंदुरबार आणि वाशीम, १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया, २०१४ ला पालघर. राज्याचे जिल्हे छत्तीस झाले. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी पाळण्यात होतो. आज माझा मुलगा त्याच लातुरात खोली करून बारावी करतोय. आपली मागणी मात्र आहे तिथंच आहे. मोर्चे झाले, बंद झाले, रास्ता रोको झाले. निवडणुकीत प्रत्येक पक्षानं हात वर करून झाला.

गंमत अशी की पाटी सोडली तर बरंच काही आपल्याकडे आहे. अप्पर पोलीस अधीक्षक इथं बसतात. सत्र न्यायालय इथं आहे. आरटीओ इथं आहे, त्यामुळे गाडीवर एमएच ४४ लागतो, बीडचा २३ नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथं आहे. आपल्या तोंडातलं 'स्वाराती'. शेजारच्या लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतले पेशंटसुद्धा तिथं येतात. म्हणजे गाडीला नंबर आपला आणि माणसाला पत्ता बीडचा!

मागणी रास्त आहे का? माझ्या मते शंभर टक्के रास्त आहे. घाटनांदूरचा शेतकरी धरा. त्याला जिल्ह्याच्या कचेरीत कागद द्यायचा असेल तर आधी अंबाजोगाई, मग केज, नेकनूर, मांजरसुंबा करत बीड. अंबाजोगाईहूनच बीड नव्वद किलोमीटरच्या आसपास. तिथं साहेब मीटिंगला गेलेले असले की पुन्हा तोच प्रवास. पोराच्या जात पडताळणीत त्रुटी निघाली की बाप कामावर खाडा करून निघतो. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं, पण दिवस काही अर्धा होत नाही. मागच्या पावसाळ्यात स्टँडवर एक म्हातारे भेटले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पिशवीत कागद. म्हणले, "तिसरी खेप हाय बाबा. कागद दोन रुपयांचा अन् मी तीन दिवसांचा." मला विचाराल तर जिल्ह्याची मागणी म्हणजे हे म्हातारे आहेत.

पण मंचावर आपण काय बोलतो? आपण इतिहास बोलतो. आद्यकवी मुकुंदराजांची भूमी, दासोपंतांची भूमी, योगेश्वरीचं शक्तीस्थान, मराठवाड्याची सांस्कृतिक राजधानी. टाळ्या पडतात. यातलं काही खोटं नाही. विवेकसिंधू शके १११० मधला मानतात, म्हणजे आठशेहून जास्त वर्षं झाली. दासोपंतांनी चक्क पासोडीवर, कापडावर, पंचीकरण लिहिलं. यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या नावाचं देऊळ आपल्या गावात उभं आहे. पण मंडळी, जिल्हे संतांवर ठरत नाहीत. तसे ठरले असते तर पैठणला कधीच मिळाला असता. सरकार बघतं लोकसंख्या, अंतर, खर्च, इमारती आणि राजकीय गणित.

शिवाय हाच इतिहास नीट वाचला तर तो आपल्याला वेगळंच सांगतो. निजामाच्या काळात आपण मोमिनाबाद होतो. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची इथं छावणी होती. तेव्हाही जिल्हा बीडच होता. त्या राजवटीत आपल्या मुलांना मराठीतून शिकवायचं म्हणून इथल्या माणसांनी योगेश्वरीची शाळा उभी केली, जगवली. १९३५ च्या सुमारास हिप्परग्याहून स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेत आले. सरकारी नोकरी नव्हती, मोठा पगार नव्हता. तीनएक वर्षांनी, १९३८ ला, ते हैदराबादच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि पुढं सगळ्या मुक्तिलढ्याचे नेते झाले. त्या वेळच्या मास्तरांनी 'आधी जिल्हा होऊ द्या, मग शाळेचं बघू' असं म्हटलं असतं तर?

अजून एक आठवण करून देतो. लातूर जिल्हा झाला, आपण राहिलो. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८३ ला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईत भरलं. अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. गाव रुसून बसलं नव्हतं. गावानं मांडव घातला होता. कोणाच्या घरी कोणते पाहुणे उतरले होते, हे जुनी माणसं अजून सांगतात.

आता आजचं बघा. मार्गशीर्षात योगेश्वरीचा नवरात्र असतो. पुण्या-मुंबईहून, कोकणातून कुलदेवीला लोक येतात. दर्शन झालं की विचारतात, हत्तीखाना कुठं आहे? आपण रस्ता दाखवतो आणि मनातल्या मनात प्रार्थना करतो की आज तरी तिथं बाटल्या नसाव्यात. एका पाहुण्यानं पुलावर उभं राहून विचारलं होतं, "हा नाला कुठला?" ती जयवंती होती. कोणी जयंती म्हणतं. जिच्या काठावर हे गाव बसलं ती नदी. उन्हाळ्यात तिच्यातून जे वाहतं ते आपल्याच मोऱ्यांचं पाणी असतं. ते अडवायला जिल्हाधिकारी लागत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. 'जिल्हा झाला की होईल' हे वाक्य आपल्याला फार सोयीचं पडलंय. रस्ता? जिल्हा झाला की होईल. नाट्यगृह? जिल्हा झाला की. नदी? जिल्हा झाला की. पुढाऱ्यांना तर ते आपल्याहून सोयीचं आहे. एक मोठं आश्वासन लोंबकळत ठेवलं की शंभर छोट्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत नाहीत. चाळीस वर्षं आपण वेटिंग लिस्टवर उभे आहोत आणि तेवढ्यात घरातली भांडी घासायची राहून गेली.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पटल्या तर घ्या, नाही तर भांडा.

एक. मागणी सोडायची नाही, पण तिची भाषा बदलायची. घोषणा झाली नाही तरी लोकांच्या खेपा वाचवता येतात. ज्या कामांसाठी सगळ्यात जास्त लोक बीडला जातात, त्या कामांचे अधिकारी आठवड्यातून एक ठरलेला दिवस अंबाजोगाईत बसलेच पाहिजेत, असं मागू. त्याला नवा जिल्हा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक आदेश आणि एक टेबल लागतं. अंबाजोगाईबरोबर परळी, केज, धारूरच्या लोकांचाही त्यात फायदा आहे. ते सोबत आले तर मागणीला वजन येईल.

दोन. नदी आणि हत्तीखाना हे विषय नगरपालिकेच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला विचारायचे. तुमच्या वॉर्डाचं सांडपाणी कुठं जातं? एवढाच प्रश्न. उत्तर लिहून घ्यायचं.

पहिल्या कामाला आजच सुरुवात करू. गेल्या वर्षभरात तुम्ही किंवा घरच्यांनी कोणत्या कामासाठी बीडला खेपा मारल्या, किती मारल्या, आणि काम झालं का, ते खाली कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव टाका. स्वतःचं नाव, फोन नंबर नको. राजकीय शेरेबाजी नको, ती मी काढून टाकेन. ज्यांना मोबाइलवर लिहिता येत नाही अशा घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून त्यांचं तुम्ही लिहा, कारण खेपा त्यांच्याच जास्त असतात.

महिनाभरानं सगळं एकत्र करतो. कामाप्रमाणे, गावाप्रमाणे तक्ता करून निवेदनाला जोडू आणि पेपरातही छापू.