चेहरा आहे तसा दिसू द्या

आपल्या समाजात घर पत्र्याचे असो की सिमेंटचे, तथागत आणि बाबासाहेब भिंतीवर असतातच. त्यांच्या बाजूला घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो मात्र थोड्याच घरांत दिसतात. आजीचा तर बहुधा नसतोच. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा म्हणून धावपळ होते, आणि मतदार ओळखपत्रावरचा नखाएवढा चेहरा मोठा करून आणला जातो.

आमच्या आईच्या वेळी तेच झाले. एका स्टुडिओत फोटो मोठा करायला दिला, तर त्यांनी न विचारता आईला गोरी करून दिले. हळदीच्या शेतात रापलेला रंग, कपाळावरच्या आठ्या, हनुवटीवरचे गोंदण, सगळे पुसलेले. धाकटी नात म्हणाली, "ही कोण?" तेव्हापासून वसमत तालुक्यातल्या हट्टा या आमच्या गावी, घरातल्याच एका खोलीत आम्ही आपल्या माणसांचे फोटो काढतो. सामान मोजके आहे. एक जुना डिजिटल कॅमेरा, एक फ्लॅश, एक स्टँड आणि पांढरे कापड.

काळ्या-सावळ्या माणसांचे फोटो चांगले येत नाहीत, असे आपलीच माणसे म्हणतात. दोष कातडीचा नाही. रंगीत फिल्मच्या काळात अमेरिकेची कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा रंग बरोबर उमटला की सगळे बरोबर, असे धरले जाई. पुढे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी तक्रार केली, की आमच्या मालाच्या तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसत नाहीत. त्यानंतर फिल्म सुधारण्याला जोर आला. काळ्या माणसांच्या चेहऱ्यासाठी जे झाले नाही, ते लाकडासाठी झाले!

आज फिल्म गेली, पण फ्लॅश समोरून मारायची सवय राहिली. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने नाक-कपाळ चकाकते, चेहरा चपटा होतो आणि मागे भिंतीवर काळी सावली पडते. म्हणून आम्ही फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूच्या स्टँडवर लावतो. माणसाच्या समोर आणि बाजूला, यांच्या मधोमध, डोक्याहून थोडा उंच. त्याच्यापुढे बांबूच्या चौकटीवर ताणलेले पांढरे धोतर. फ्लॅश कापडापासून दोन-तीन फूट मागे ठेवला की सगळे कापड उजळते, आणि छोट्याशा दिव्याची जणू खिडकी होते. सावळ्या चेहऱ्याची ठेवण दिसते ती गालावरच्या, कपाळावरच्या तुकतुकीमुळे. दिवा लहान असेल तर तिथे पांढरा ठिपका पडतो, मोठा असेल तर तीच तुकतुकी हळुवार पसरते. म्हणून पावडर लावू नये. घाम असेल तर ओल्या फडक्याने टिपावा, बस्स.

दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला की त्यावरून परतलेला उजेड सावलीच्या गालावर पडतो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या घरांच्या भिंती पुष्कळदा निळ्या असतात. निळ्या रंगाचा आपल्याला अभिमान आहे, पण भिंतीवरून परतणारा उजेड भिंतीचा रंग घेऊन येतो आणि चेहरा निळसर पडतो. भिंत जवळ असेल तर तिच्यावर पांढरी चादर टांगावी. माणसाला मागच्या भिंतीपासून चार-पाच फूट पुढे बसवावे, म्हणजे सावली भिंतीवर उमटत नाही.

खरी कसोटी लागते ती पांढऱ्या कपड्यांची. मंगल परिणय असो की विहारातला कार्यक्रम, आपल्या बाया पांढरे पातळ नेसतात. कॅमेरा आपोआप चालवला तर तो पांढरे पाहून फसतो, उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. म्हणून फ्लॅशचा जोर हाताने ठरवावा, आणि तो चेहरा पाहून ठरवावा. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो. तेव्हा चौकट चेहऱ्याच्या जवळ आणि थोडी उंच ठेवली की मांडीवर पोचेतो उजेड उतरतो, पातळाच्या घड्याही दिसतात. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच टिकतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाची थरथरती मानही स्थिर येते.

हे सगळे सोपे आहे. अवघड असते ते माणसाला बसवणे. "माह्या काळ्या तोंडाचा काय फोटू काढता, लेकरांनो?" असे म्हाताऱ्या मावशा म्हणतात. जन्मभर ऐकलेले बोलणे असे तोंडात बसलेले असते. तेव्हा आम्ही त्यांना राजगृहातल्या एका फोटोची गोष्ट सांगतो. फेब्रुवारी 1934 मध्ये मुंबईत दादरच्या राजगृहात बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फोटो काढला गेला. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, बाबासाहेबांच्या वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव, आणि सोबत टॉबी नावाचा कुत्रा. पुढच्याच वर्षी, 27 मे 1935 रोजी, रमाई गेल्या. त्यांचे फोटो मोजकेच आहेत. त्या दिवशी त्या 'माझा कशाला' म्हणून बाजूला झाल्या असत्या, तर आज आपल्याकडे काय उरले असते? हे ऐकल्यावर मावशी पदर नीट करून बसतात.

आमच्यासारखे सामान प्रत्येकाकडे नसेल. मोबाईल असेल तरी पुरे. त्यातले चेहरा गोरा करणारे बटण बंद करा, म्हाताऱ्या माणसाला उन्हात नको, खिडकीशी बसवा आणि दुसऱ्या बाजूने पांढरी चादर धरा. फोटो मोबाईलमध्ये पडून राहू देऊ नका, कागदावर काढून घ्या. मागे शाईपेनाने नव्हे, पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा: नाव, गाव, तारीख, आणि या माणसाने आयुष्यभर कोणते काम केले ते. हे काम पुढच्या रविवारी करा. कार्यक्रमाची वाट पाहू नका.

जय भीम!